टँकरच्या दिवसांत वापरलेलं पाणी: आधी संडास, मग झाडं, फिल्टर शेवटी

लातूरहून एका ताईंनी विचारलं आहे: घरात सासू-सासऱ्यांसह सहा माणसं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, मधल्या दिवसांत टँकर. परसात लिंबू, नारळ, पेरू आणि कढीपत्ता. महिनाभर आंघोळीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी झाडांना घातलं, तर लिंबाची पानं पिवळी पडली. एका माणसाने सांडपाण्याचा फिल्टर बसवा म्हणून बराच मोठा आकडा सांगितला आहे. तो बसवावा का, आणि घरातलं कुठलं पाणी कुठे वापरता येतं?

ताई, फिल्टर आत्ता बसवू नका. घरगुती सांडपाण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्यातली बहुतेक मराठवाड्यातच. दुष्काळात घाईने बसवलेले फिल्टर पुढच्या उन्हाळ्यात कोरडे आणि गाळाने भरलेले सापडतात. तुमच्या घरात पाणी वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा वेगळीच आहे आणि तिला फिल्टर लागत नाही. ती जागा म्हणजे संडास.

हिशोब मांडून बघू. सहा माणसं, प्रत्येकी दिवसाला चार वेळा फ्लश, म्हणजे चोवीस वेळा. जुनी टाकी एका वेळेला १० लिटर सोडते. झाले २४० लिटर, आणि तेही टँकरने विकत आणून गच्चीवरच्या टाकीत मोटरने चढवलेलं पाणी. टंचाईत माणशी १५ लिटरच्या बादलीत आंघोळ उरकली, तर सहा जणांचं आंघोळीचं पाणी होतं ९० लिटर. आता फ्लश न दाबता बादलीने पाणी ओतलं तर किती लागेल? शौचाला एका वेळी ६ लिटर, म्हणजे सहा जणांचे ३६. उरलेल्या अठरा वेळा लघवीपुरते दोन-दोन लिटर, तेही ३६. एकूण ७२ लिटर. आंघोळीचं पाणी त्याला पुरून उरतं. रोजचे २४० लिटर चांगलं पाणी जागच्या जागी वाचलं. आठ दिवसांचे होतात १९०० लिटरच्या वर, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या. बाकीचे सगळे उपाय एकत्र केले तरी एवढी बचत होत नाही.

लातूरकरांना पाण्याची किंमत मी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला पाण्याच्या टाक्यांच्या १० वाघिणी (डबे) होत्या आणि त्यांत साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. माणशी सव्वा लिटरच्या आसपास आलं. जुन्या टाकीच्या एका फ्लशमध्ये त्याच्या सात-आठ पट पाणी जातं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

संडासच्या टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीत पाणी सोडणारी तोटी, बंद करून टाका. घरच्यांना नुसतं सांगून भागत नाही. वर्षानुवर्षांची सवय असते, हात आपोआप बटणावर जातो. कॉक बंद असला की प्रश्नच मिटतो. आंघोळीचं पाणी त्या टाकीत मात्र भरू नका. साबणाचा चिकट थर आतल्या रबरी वायसरवर बसतो, टाकी गळायला लागते, आणि नंतर चांगलं पाणी सोडलं की रात्रभर ठिबकत राहतं. पाणी सरळ भांड्यात ओतायचं. हळूहळू ओतलं तर दहा लिटर ओतूनही साफ होत नाही. बादली कमरेपर्यंत उचलून एका दमात ओतलं की पाच-सहा लिटरमध्ये काम होतं. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, एक भरलेली बादली एकदम सोडा. थोड्या थोड्या पाण्याने मैला पाइपात अडकून राहतो, त्याला पुढे ढकलायला तेवढा जोर लागतो. जुन्या घरांत संडासापासून चेंबरपर्यंतची लाइन लांब असते, तिथे हे चुकवू नका.

पाणी गोळा करायला तरुण माणसांना अडीच-तीन फुटी पसरट टब पुरतो. त्यात उभं राहून आंघोळ करायची आणि पाणी मगाने किंवा टब तिरका करून बादलीत घ्यायचं. सासू-सासऱ्यांना हे करायला लावू नका. साबणाच्या पाण्यात टबच्या काठावरून पाय घसरला तर मांडीचं हाड मोडायला वेळ लागत नाही. त्यांच्यासाठी बाहेरून व्यवस्था करा. न्हाणीघरातल्या नाहणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाचा, पाइप भिंतीबाहेर जिथे चेंबरकडे वळतो, तिथे एक टी (तीन तोंडांचा सांधा) टाकून दोन बॉल व्हॉल्व्ह लावायचे. एक वाट चेंबरकडे आणि दुसरी २०० लिटरच्या ड्रमकडे. न्हाणीघर वरच्या मजल्यावर असेल तर ड्रम जमिनीवर ठेवून भागतं. तळमजल्यावर असेल तर ड्रमसाठी खड्डा घ्यावा लागतो आणि वर घट्ट झाकण हवं, कारण घरात लहान मूल येतं-जातं. कुठलाही बरा प्लंबर हे काम दिवसाभरात करतो. पाइपाच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या ओढणीचा तुकडा बांधा, म्हणजे केस आणि साबणाचे तुकडे तिथेच अडकतील. तो रोज झटकायचा.

एक नियम मात्र पक्का धरा: वापरलेलं पाणी २४ तासांच्या आत संपवायचं. आंघोळीच्या पाण्यात अंगाचा मळ, तेल, त्वचेचे कण असतात. ते खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हाळ्यात त्याला कुजका वास सुटतो. वास आला की घरातले लोक कंटाळतात आणि सगळी व्यवस्था बंद पडते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. म्हणून साठवण मोठी करण्याच्या मागे लागू नका. सकाळी जमलेलं पाणी रात्री झोपण्याआधी संडासात गेलेलं असलं पाहिजे.

घरात कुणाला जुलाब, कावीळ, टायफॉइड किंवा त्वचेचा संसर्ग असेल, तर त्या माणसाच्या आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी गोळा करू नका, सरळ गटारात जाऊ द्या. बाळाचे लंगोट आणि पाळीचे कपडे धुतलेलं पाणी लगेच संडासात ओता, साठवू नका. यात सोवळं-ओवळं काही नाही. अशा पाण्यात संडासाच्या पाण्यासारखे जंतू असू शकतात.

आता कपड्यांचं पाणी, म्हणजे तुमच्या लिंबाकडे येते.

वरून कपडे टाकायचं मशीन एका धुण्याला साधारण १०० ते १२० लिटर पाणी घेतं, तेही दोन-तीनदा भरून. या प्रत्येक वेळचं पाणी वेगळं असतं. पहिलं पावडरीचं, काळपट, बुळबुळीत. शेवटचं जवळजवळ निवळ. सगळ्यांचं एकच पाइप असल्याने आपण ते एकच समजतो आणि चूक तिथे होते. मशीनचा बाहेर जाणारा पाइप हातात धरून पहिलं पाणी एका टबात आणि शेवटचं दुसऱ्या टबात घ्या. पहिलं पाणी संडासाला किंवा अंगण-जिना धुवायला. शेवटचं पुढच्या धुण्याचं पहिलं पाणी म्हणून परत मशीनमध्ये घाला. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर आणखी सोपं: एकाच पावडरीच्या पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी. आपल्या आया नदीवर किंवा हौदावर धुणं ह्याच क्रमाने काढायच्या.

लिंबाची पानं का पिवळी पडली? धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात. धुण्याचा सोडा आणि वजन भरण्यासाठी घातलेलं सोडियम सल्फेट, दोन्ही त्यातलेच. हे पाणी अल्कधर्मी असतं. तुमच्याकडच्या काळ्या मातीत आधीच चुनखडी असते. अशा मातीत लिंबाला लोह उचलता येत नाही. तुमची पानं नीट पाहा. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसत असतील, तर हेच झालं आहे. पानांच्या कडा करपल्या असतील तर क्षार जास्त झाले आहेत.

दुष्काळात याला आणखी एक कारण जुळतं, आणि ते फारसं कुणी लक्षात घेत नाही. आपण पाणी कमी वापरतो, पण साबण आणि पावडर तेवढीच वापरतो. शिवाय टँकर बहुधा बोअरचं जड, मचूळ पाणी आणतो. म्हणजे मुळात खारं पाणी, त्यात कमी पाण्यात तोच साबण, आणि क्षार धुऊन नेणारा पाऊस नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी जे सांडपाणी झाड मुकाट्याने पचवतं, तेच टंचाईत त्याला जाचतं. म्हणून "गेल्या वर्षी तर काही झालं नव्हतं" हा पुरावा धरू नका.

माती बिघडली आहे का, हे घरी बघता येतं. आळ्यातलं वाळलेलं, बोराएवढं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात आरओचं शुद्ध पाणी घेऊन त्यात ते अलगद सोडा आणि पेला न हलवता काही तास तसाच राहू द्या. ढेकूळ नुसतं फुटून खाली बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नाही. ढेकळाभोवती ताकासारखा गढूळ ढग पसरला आणि तो खाली बसेना, तर मातीत सोडियम जास्त झालं आहे. अशा मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात. वरून पाणी घातलं तरी मुरत नाही, आळ्यात डबकं साचतं आणि मूळ कोरडंच राहतं.

उपाय असा. लिंबाला आणि कढीपत्त्याला साबणाचं पाणी पूर्ण बंद करा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, त्यालाही क्षार सोसत नाहीत. आळ्यातला वरचा पांढुरका थर खरवडून दूर टाका, दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि वर पाचट किंवा पालापाचोळ्याचा चार बोटं जाड थर द्या. आच्छादनाने बाष्पीभवन घटतं. पाणी खोडाशी ओतू नका. फांद्यांच्या टोकाखाली गोल चर काढून त्यात द्या, पाणी शोषणारी मुळं तिथे असतात. ढेकळाने पाणी गढूळ केलं तर जिप्सम, म्हणजे मातीतलं सोडियम सुटं करणारं खनिज, लागेल, पण ते पावसाच्या तोंडावर द्या आणि किती द्यायचं ते कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून ठरवा. पाण्याशिवाय जिप्समचा उपयोग होत नाही, क्षार खाली वाहून न्यायला पाऊस हवाच.

नारळ याबाबतीत दणकट आहे. आंघोळीचं उरलेलं पाणी त्याला द्यायला हरकत नाही. पेरूला एक दिवस आंघोळीचं, एक दिवस साधं, असं आलटून पालटून द्या. मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि केळ वाढवायची आपली जुनी रीत चांगली आहे. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, कांदा यांना मात्र सांडपाणी कधीच नको, कारण या भाज्या आपण कच्च्याही खातो. आणि कुठल्याही झाडाला हे पाणी पाइपाने फवारू नका, ठिबकच्या नळ्यांतून सोडू नका. फवाऱ्याने जंतू हवेत उडतात, आणि साबणाच्या साक्याने ठिबकची तोंडं बुजतात.

मग लिंबाला पाणी कुठून? स्वयंपाकघरातून. तांदळाचं आणि डाळीचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, दुधाची पिशवी विसळलेलं पाणी, माठ-कळशीच्या तळाशी उरलेलं शिळं पाणी. सहा माणसांच्या घरात हे सहज एक बादली भरतं आणि त्यात साबण नाही. सिंकमध्ये एक पातेलं ठेवून द्या, भाजी त्यातच धुवा. मीठ घालून उकडलेलं पाणी झाडाला घालू नका. भांडी घासल्यावरचं तेलकट, खरकटं पाणी तर कुठल्याच साठवणीत घेऊ नका. सगळ्यात लवकर तेच कुजतं. भांडी धुण्याआधी खरकटं कागदाने किंवा नारळाच्या शेंडीने पुसून काढा आणि वाहत्या नळाऐवजी दोन टबांत विसळा. दुसऱ्या टबाचं पाणी पुढच्या भांड्यांचं पहिलं पाणी होतं.

आरओचं टाकाऊ पाणी. घरगुती मशीन एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. हे पाणी स्वच्छ असतं, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात जास्त दाट होतात. त्यामुळे फरशी पुसायला, भांडी पहिल्यांदा खंगाळायला आणि संडासाला उत्तम. लिंबाला नाही. कुलरमध्येही एकटं घालू नका, जाळ्यांवर पांढरा थर चढतो. आणि आंघोळीचं किंवा कपड्यांचं पाणी कुलरमध्ये कुठल्याही परिस्थितीत घालायचं नाही. कुलरच्या हवेतून येणारे बारीक तुषार थेट श्वासात जातात. हे मी जोर देऊन लिहिते आहे, कारण टंचाईत लोक असं करतात. एसीचं पाणी क्षारमुक्त असतं, झाडाला चालतं, पण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते थोडंच मिळतं.

डासांचं सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. टंचाईत घरोघर पिंपं, ड्रम, रांजण भरून ठेवले जातात आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि तुमच्याकडे नळाची पाळीही तेवढ्याच दिवसांची आहे. आरोग्य विभाग आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतो. पाणी ओतून देणं जमणार नसेल तर ते दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, आणि रिकामं झालेलं पिंप आतून घासणीने घासा. नुसतं विसळून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, ते आरोग्य केंद्रात मिळतात. सांडपाण्याचा ड्रम ओळखू येईल असा वेगळ्या रंगाचा ठेवा, त्यावर "पिण्याचं नाही" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या नळाच्या लाइनला तो कधीही जोडू नका.

तर आता फिल्टर. सांडपाणी गाळून वापरता येत नाही असं माझं म्हणणं नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने युनिसेफसोबत मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या आश्रमशाळांत हेच केलं. मुलांच्या आंघोळीचं पाणी गाळून संडासांना आणि बागेला दिलं, आणि त्याची मार्गदर्शिका २००७ मध्ये काढली. पण तिथे शेकडो मुलांचं पाणी रोज एकाच जागी येत होतं. खडी, वाळूचे थर, वरचा थर काढून धुणं, गाळ उपसणं, हे सगळं करायला कुणीतरी नेमावं लागतं. सहा माणसांच्या घरात ९० लिटर पाण्यासाठी ती मेहनत परवडत नाही, कारण संडासात ओतायला गाळलेलं पाणी लागतच नाही. अपार्टमेंट, वसतिगृह, मंगल कार्यालय असेल तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

तरी तो माणूस परत आला तर त्याला चार गोष्टी विचारा: वाळू किती दिवसांनी धुवायची आणि ती धुवायला किती पाणी लागतं, वीज किती लागते, क्षार निघतात का, आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेला एखादा फिल्टर चालू स्थितीत दाखवता येईल का. तिसऱ्याचं खरं उत्तर "नाही" हेच आहे. खडी-वाळू-कोळशाने गढूळपणा आणि वास कमी होतो, पाण्यात विरघळलेलं सोडियम तसंच राहतं. म्हणजे तुमच्या लिंबाचं दुखणं त्या फिल्टरने बरं झालं नसतं.

ते पैसे खर्चायचेच असतील तर दोन कामांवर घाला. पहिलं, ड्युअल फ्लशची ३ आणि ६ लिटरची टाकी. दुष्काळ सरला की तुम्ही बादली सोडून परत बटणावर येणार, ते साहजिकच आहे, आणि तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी वाचत राहील. दुसरं, चेंबरकडे फुकट जाणाऱ्या मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवले. काळ्या मातीतच खड्डा थांबवला तर पाणी मुरत नाही, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. विहीर किंवा बोअरपासून तो निदान ५० फूट लांब हवा, नाहीतर तेच पाणी उद्या तुमच्या पंपातून वर येईल.

जूनमध्ये पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की छताचं पन्हाळीचं पाणी लिंबाच्या आणि पेरूच्या आळ्यात वळवा आणि ते भरपूर मुरू द्या. साठलेले क्षार मुळांच्या खाली जायला तोच एक मार्ग आहे. त्या काळात झाडांना सांडपाणी अजिबात देऊ नका, सगळं संडासाकडे वळवा. नवी पालवी हिरवी आली तर माती सावरली असं समजा. पुन्हा पिवळीच आली तर त्या पानांचा फोटो आणि माती तपासणीचा अहवाल मला पाठवा, मग पुढे काय करायचं ते सांगते.